संघाचा क्लोजर बदलायचा कसा

बेसबॉल संघाच्या क्लोजरने, म्हणजे आघाडी टिकवण्यासाठी शेवटी आणल्या जाणाऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने), लागोपाठ तीन सामने घालवले, की डगआउटमधल्या प्रत्येकाकडे एकच सल्ला तयार असतो: जो सर्वांत वेगाने चेंडू टाकतो त्याला नववी, म्हणजे शेवटची, इनिंग द्या. न्यू जर्सीत रविवारी खेळणारा एक हौशी संघ मी गेली चौदा वर्षे सांभाळतो आहे. या काळात सहा वेळा क्लोजर बदलण्याची वेळ आली आणि त्यांपैकी पहिल्या वेळी हाच सल्ला ऐकून मी संघाचा अर्धा हंगाम वाया घालवला.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या मंडळींना क्लोजर म्हणजे शेवटच्या षटकांचा गोलंदाज वाटतो. हे साम्य थोडेच अंतर चालते. टी-ट्वेंटीत शेवटचे षटक सहा वैध चेंडूंनंतर संपते, त्यात धावा कितीही जावोत; बेसबॉलची नववी इनिंग मात्र तीन आउट मिळाल्याखेरीज संपत नाही, आणि पिचर स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या वैध पट्ट्यात) चेंडू टाकू शकत नसेल तर ती रात्रभर चालू शकते. क्लोजरचा विचार करताना हा फरक डोक्यात पक्का असावा.

१. सेव्हचा आकडा बाजूला ठेवा

तीन किंवा त्याहून कमी रनांची आघाडी असताना आत येऊन एक पूर्ण इनिंग टाकणाऱ्या आणि सामना जिंकून संपवणाऱ्या पिचरच्या नावावर सेव्ह लागते. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेली ही कल्पना १९६९मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) अधिकृत आकडेवारीत आली. अडचण अशी, की नवव्या इनिंगमध्ये तीन रनांनी पुढे असलेला संघ शंभरातले पंच्याण्णवहून अधिक सामने जिंकतोच, मग माउंडवर (चेंडू टाकण्याच्या उंचवट्यावर) कोणीही असो. एका रनाची आघाडी टिकवणे ही मात्र खरी परीक्षा असते. त्यामुळे किती सेव्ह झाल्या आणि किती हुकल्या, एवढ्यावरून कोणालाही चढवू किंवा उतरवू नये.

२. क्लोजरने टाकलेल्या शेवटच्या पंधरा सामन्यांची नोंद काढा

स्कोअरबुक आणि जमल्यास मोबाइलवरचे चित्रण, एवढे पुरे.

३. बिघाड नशिबाचा आहे, हाताचा आहे की गुपिताचा, हे ठरवा

सगळी गोम इथे आहे, आणि बहुतेक सल्लागार नेमकी हीच पायरी ओलांडून पुढे जातात.

मेजर लीगमध्ये बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के चेंडूंवर हिट मिळते, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोहोचतो. पंधरा सामन्यांत क्लोजर जेमतेम पंधरा-सोळा इनिंग टाकतो, आणि एवढ्या थोड्या चेंडूंत हे प्रमाण चाळिसावर जाणे किंवा विसावर उतरणे यात नवल काहीच नाही. म्हणून मी प्रथम असे रकाने पाहतो ज्यांत क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा हात कमीत कमी असतो: किती बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाले, किती जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) दिला, आणि किती चेंडू खरोखर जोरात मारले गेले. स्ट्राइकआउट पूर्वीइतकेच असतील, वॉक वाढलेले नसतील आणि रन फक्त शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) बाजूने घरंगळत गेलेल्या चेंडूंवर गेले असतील, तर क्लोजर बदलू नका, शॉर्टस्टॉपकडे पाहा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्याकडे खांद्याखालून हात फिरवणारा एक पिचर होता, ज्याचे चेंडू बॅटर जमिनीवरच मारत असत. तीन सामने हातचे गेल्यावर मी त्याला काढले आणि एका तरुण, वेगवान पिचरला पुढे केले, ज्याने पहिल्याच संध्याकाळी चार वॉक देऊन दोन रनांची आघाडी घालवली. हंगाम संपल्यावर स्कोअरबुक घेऊन बसलो तेव्हा दिसले, की जुन्या क्लोजरला त्या तीन सामन्यांत बसलेल्या आठ हिटपैकी सहा मेंगळट ग्राउंडर होत्या. दोष आमच्या इनफिल्डचा (बेसांजवळच्या क्षेत्ररक्षकांचा) होता आणि शिक्षा मी पिचरला दिली होती.

जॉन वेटलँड गेल्यावर १९९७मध्ये न्यू यॉर्क यांकीज संघाच्या क्लोजरची जागा मारियानो रिव्हेराकडे आली, आणि सेव्हच्या पहिल्या सहा संधींपैकी तीन त्याने घालवल्या. व्यवस्थापक जो टॉरी यांनी त्याला हलवले नाही. रिव्हेराने त्या वर्षी ४३ सेव्ह केल्या, कारकिर्दीत ६५२, आणि २०१९मध्ये तो एकमताने हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही गोष्ट सांगून ‘म्हणून धीर धरावा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ती धीराची गोष्ट नाही. ज्याचा हात शाबूत आहे त्याच्यावर सहा संधींच्या आधाराने निकाल देऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

कारण हात शाबूत नसेल तर धीर महागात पडतो. ब्रॅड लिजने २००८मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघासाठी नियमित हंगामातल्या ४१ पैकी ४१ संधी साधल्या आणि संघाने जागतिक मालिका (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली. पुढच्याच वर्षी त्याचा उजवा गुडघा दुखावला, ११ सेव्ह हुकल्या, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) ७.२१ झाला, आठ सामने त्याच्या नावावर हरले, एकही जिंकला नाही. माणूस तोच होता आणि छातीही तीच होती. म्हणून वेग मोजा. हौशी संघालाही साधी रडार गन परवडते. फास्टबॉलचा वेग ताशी दोन मैलांनी उतरला असेल, किंवा कॅचरने (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) बाहेरच्या कडेला धरलेला ग्लोव्ह दर वेळी मध्यावर ओढावा लागत असेल, तर प्रश्न नशिबाचा राहिलेला नसतो.

पिचरला ‘बरा आहेस ना?’ असे कधीही विचारू नका. नवव्या इनिंगची जागा गमवायची नसलेला कोणताही पिचर ‘हो’ म्हणतो. आमच्या एका क्लोजरने कोपराचे दुखणे माझ्यापासून सहा आठवडे लपवले आणि मी ते लपवू दिले, कारण मी हाच निरर्थक प्रश्न विचारत राहिलो. आता मी विचारतो, की सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हात कसा वाटला. आणि कॅचरला वेगळे गाठून विचारतो, कारण क्लोजरचे खरे हाल खुद्द क्लोजरच्या आधी कॅचरला कळतात.

तिसरी शक्यता गुपित फुटल्याची. २०१८च्या ऑक्टोबरात बोस्टन रेड सॉक्स संघाचा क्रेग किंब्रेल अडखळत होता, तेव्हा कोणता चेंडू येणार हे त्याच्या हालचालींवरून आधीच ओळखू येत असल्याचे माजी क्लोजर एरिक गान्ये याच्या लक्षात आले. चेंडू ग्लोव्हमध्ये धरताना मनगट किती वळते, ग्लोव्ह किती उघडतो, एवढ्यावर चाणाक्ष बॅटर स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) ओळखतो. चांगल्या वेगाचे, चांगल्या जागी पडलेले चेंडू बॅटर निर्धास्तपणे सोडून देत असतील, तर दुसऱ्या बेसच्या मागून चित्रण करून ते आवाज बंद करून पाहा. असा दोष दोन दिवसांच्या सरावात जातो, आणि त्यासाठी क्लोजर बदलणे म्हणजे पंक्चर झाले म्हणून गाडी विकणे.

४. उमेदवार निवडा

बिघाड खरा आहे अशी खात्री झाली, तरच इथे या. ‘क्लोजरची हिंमत’ नावाच्या गुणावर चर्चा करण्यात मी आता वेळ घालवत नाही. ती ज्याच्यात आहे म्हणून सांगितले जाते तो बहुधा फक्त उंच आणि रागीट असतो. मी आधी वॉक पाहतो. मग उजव्या आणि डाव्या, दोन्ही हातांच्या बॅटरांविरुद्ध त्याच्याकडे चालणारा एक-एक चेंडू आहे का, हे पाहतो. २०२०पासून मेजर लीगमध्ये आत आलेल्या पिचरला तीन बॅटरांना सामोरे जावे लागते किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका बाजूपुरता तज्ज्ञ आता अडचणीचाच ठरतो. वेगाचा क्रमांक यानंतर.

वेगाच्या भक्तांना मी कोजी उएहारा दाखवतो. २०१३मध्ये रेड सॉक्सचा जोएल हॅनरहान जायबंदी झाला, त्याच्या जागी आलेला अँड्र्यू बेली जूनमध्ये चाचपडू लागला, तेव्हा जागा ३८ वर्षांच्या उएहाराकडे आली. त्याचा फास्टबॉल ताशी नव्वद मैलांच्याही आत होता. त्याने स्प्लिटरच्या (शेवटी अचानक खाली पडणाऱ्या चेंडूच्या) जोरावर त्या हंगामात ७४ इनिंगांत १०१ स्ट्राइकआउट घेतले, वॉक फक्त ९ दिले, आणि ऑक्टोबरात जागतिक मालिका जिंकणाऱ्या संघाचा शेवटचा आउटही त्यानेच घेतला.

एक सावधगिरी मात्र हवी. आठव्या इनिंगचा उत्तम पिचर उचलून नवव्यात नेला, की आठव्यात खड्डा पडतो, आणि प्रतिपक्षाचे सर्वांत जड तीन बॅटर अनेकदा तिथेच येतात. ती जागा कोण भरणार हे ठरल्याशिवाय मी बढती देत नाही. जागा भरणारा कोणी नसेल, तर आठव्याचा माणूस आठव्यातच ठेवून तिसऱ्या क्रमांकाचा, पण स्ट्राइक टाकणारा पिचर नवव्यात आणणे मला जास्त पटते. ऑगस्टपर्यंत सुरुवातीचा (सामना सुरू करणारा) पिचर म्हणून घासलेला एखादा माणूसही विसरू नये. सप्टेंबर २०२४मध्ये क्ले होम्सच्या सेव्ह वारंवार हुकू लागल्यावर यांकीजनी नववी इनिंग ल्यूक वीव्हरकडे दिली, जो कारकिर्दीचा मोठा भाग सुरुवातीचा पिचर होता.

५. निर्णय सांगा

दोघांना वेगवेगळे, सामन्याच्या आदल्या दिवशी, मी स्वतः सांगतो. संघाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही नाही.

६. जुन्या क्लोजरला काम द्या

त्याला बाकावर कुजवणे हा निव्वळ राग झाला. सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये, बेस रिकामे असताना, त्याला नियमित चेंडू द्यावा. २०२५च्या एप्रिलअखेर यांकीजनी डेव्हिन विल्यम्सकडून नववी इनिंग काढून पुन्हा वीव्हरला दिली, आणि जूनच्या सुरुवातीला वीव्हरच्या मांडीमागचा स्नायू दुखावला तेव्हा पुन्हा विल्यम्सलाच उभे करावे लागले. जुना क्लोजर असे सात-आठ सामने टाकून झाला, की तेच स्कोअरबुक पुन्हा उघडावे आणि वॉकचा रकाना आधी वाचावा.