गॅसच्या वीजकेंद्राचा दिवस वहीत कसा मांडावा

मी साताऱ्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. राज्यातली विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर महाराष्ट्रातली चालू वीजनिर्मिती दिसते. ते पान सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला उघडा.

एकूण मागणी, सौर, पवन, गॅस, जलविद्युत असे आकडे शेजारी-शेजारी लिहा. मग मागणीतून सौर आणि पवन वजा करा. गॅसचं भवितव्य या वजाबाकीत आहे. सौरऊर्जा वाढते तशी उरलेली मागणी दुपारी खाली बसते आणि तिन्हीसांजेला झपाट्याने चढते.

आता उरणचं ६७२ मेगावॉटचं गॅसकेंद्र घ्या. गॅस महाग, त्यामुळे स्वस्त सौर वीज असताना त्याला मागे सारतात. पण पगार, कर्जाचे हप्ते, देखभाल सुरूच राहते. वीज कमी विकली की प्रत्येक युनिटवर तो बोजा वाढतो. शिवाय सारखं तापून-निवून टर्बाइनचा धातू थकतो. सुटी गॅस टर्बाइन काही मिनिटांत वीज पुरवू लागते, वाफेची जोड असलेलं थंड केंद्र मात्र तासन्‌तास घेतं. हा फरक मी मुलांकडून घोटून घेते, कारण संध्याकाळच्या चढाला गॅस वेळेत पुरेल का, हा प्रश्न इथेच अडतो.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात फिरतात, म्हणून जुलैची नोंद वेगळी ठेवा. संध्याकाळचा चढ आपल्याकडे कोयनेचा जलविद्युत प्रकल्पही पेलतो: क्षमता १,९६० मेगावॉट. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. तेव्हा पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये कोयना आणि गॅस हे दोन रकाने जरूर ताडून पाहा.