अवरक्तात झळाळणाऱ्या दीर्घिकांमधला वायू मोजताना या चुका टाळा

१९८३ साली आयरास उपग्रहाने आकाशाची अवरक्त पाहणी केली, आणि दृश्य प्रकाशात फारशा उठून न दिसणाऱ्या कित्येक दीर्घिका अवरक्तात प्रचंड तेजस्वी निघाल्या. अवरक्त तेज सूर्याच्या १० हजार कोटी पटींच्या वर असेल तर ती लर्ग (तेजस्वी अवरक्त दीर्घिका), एक लाख कोटी पटींच्या वर असेल तर यूलर्ग (अतितेजस्वी अवरक्त दीर्घिका). धुळीत गुरफटलेले नवे तारे हे तेज बहुतांशी देतात. त्या ताऱ्यांना लागणारा वायू किती आहे आणि तो किती झपाट्याने संपतोय, हा पुढचा प्रश्न. या प्रश्नाला नव्याने हात घालणारे पुन्हा पुन्हा त्याच जागी घसरतात. म्हणून हे लिहितेय.

आकाशगंगेचा गुणक डोळे झाकून लावणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. थंड हायड्रोजनचा रेणू आपल्याला दिसत नाही. तो सममित असल्याने सहजासहजी प्रारण देत नाही, आणि त्याची पहिली उपयोगी ऊर्जापातळी सर्वांत खालच्या पातळीपेक्षा ५१० केल्विन वर आहे. ढगांचं तापमान मात्र १०-२० केल्विन. म्हणून आपण त्याच वायूत मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडची वर्णपटातली २.६ मिलिमीटरची रेषा मोजतो आणि तिच्या तेजाला एका गुणकाने गुणून वायूचं वस्तुमान काढतो. आकाशगंगेसाठी हा गुणक, हेलियम धरून, ४.३ च्या आसपास येतो.

एक हुशार विद्यार्थी एकदा विलीन होणाऱ्या दीर्घिकांच्या एका जोडीची निरीक्षणं घेऊन आला होता. आलेख तयार, लेख अर्धा लिहून झालेला. सोयीसाठी पूर्णांकात सांगतो: रेषेचं तेज नेहमीच्या एककात ५०० कोटी, गुणक ४.३, म्हणजे वायू २,१५० कोटी सूर्यवस्तुमानांचा. मी त्याला विचारलं, हा वायू किती जागेत आहे आणि किती वेगाने फिरतोय? त्रिज्या ५०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं), वेग सेकंदाला ३०० किलोमीटर. तिथेच कागदावर वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले गुरुत्व स्थिरांक केलं. उत्तर १,०५० कोटी. तारे, वायू, कृष्णविवर, सगळं मिळून इतकंच वस्तुमान त्या जागेत मावतं, आणि याचा नुसता वायूच त्याच्या दुप्पट! हे गणित दोन मिनिटांचं आहे. तरी ते कुणी आधी करत नाही, कारण गुणक तक्त्यात आयता मिळतो.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. आकाशगंगेत वायू सुट्या ढगांत असतो. प्रत्येक ढग स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला, त्यामुळे रेषेची रुंदी त्या ढगाचं वस्तुमान सांगते. विलीनीकरणात वायू केंद्राकडे कोसळतो आणि काही शे पार्सेकच्या दाट, उबदार तबकडीत सलग पसरतो. तिथे रेषा रुंद होते ती ताऱ्यांसकट सगळ्यांच्या गुरुत्वामुळे. तेवढ्याच वायूतून रेषेचा प्रकाश जास्त निघतो. डाउन्स आणि सॉलोमन या खगोलशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अशा दीर्घिकांसाठी ०.८ च्या आसपासचा गुणक काढला तो याच कारणाने. वरच्या उदाहरणात तो लावला तर वायू ४०० कोटींवर येतो. वर्षाला १०० सूर्य एवढे तारे घडत असतील, तर वायू संपण्याचा काळ साडेएकवीस कोटी वर्षांवरून चार कोटींवर उतरतो. गोष्टच बदलते.

पण ०.८ हाही काही मंत्र नाही. काहीजण एक लाख कोटी सूर्यतेजाच्या सीमेखाली ४.३ आणि वर ०.८ लावतात, मग आलेखात दीर्घिकांचे दोन वेगळे पट्टे दिसले की नवा शोध लागल्यासारखे हरखून जातात. तो पट्टा त्यांनी स्वतःच आखलेला असतो. निसर्गाला ती एक लाख कोटींची सीमा माहीत नाही. मी दोन्ही गुणकांनी उत्तर काढते, शेजारी गतीवरून आलेलं वस्तुमान लिहिते, आणि जमेल तिथे धुळीवरून किंवा कार्बन-१३ असलेल्या मोनॉक्साइडच्या रेषेवरून पडताळून बघते. वेळ लागतो. लागू दे.

सगळं अवरक्त तेज ताऱ्यांच्या नावावर मांडणे

धूळ तापवायला तारेच लागतात असं नाही, केंद्रातलं भुकेलं कृष्णविवरही ते काम करतं. मार्केरियन २३१ ही यूलर्ग आहे आणि तिच्या पोटात क्वेसार, म्हणजे वायू गिळत झळाळणारं कृष्णविवर, आहे. तिचं सगळं तेज तारानिर्मितीच्या सूत्रात घातलं तर येणारा आकडा अर्थहीन असतो. वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या दोन तरंगलांबी-पट्ट्यांतल्या तेजाचा फरक ०.८ प्रतीच्या (मॅग्निट्यूडच्या) वर गेला की सावध व्हा. वर्णपटातली ६.२ मायक्रॉनची कार्बनी रेणूंची खूण क्षीण असेल तर आणखी सावध. मात्र एकाच कसोटीवर निवाडा देऊ नका. आर्प २२० या विलीन होणाऱ्या यूलर्गच्या गाभ्यासारख्या ठिकाणी धूळ इतकी दाट असते की मध्य-अवरक्तही बाहेर येत नाही. तिथे कृष्णविवराची खूण दिसली नाही, एवढ्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही.

कुठलं अवरक्त तेज, तेच न सांगणे

८ ते १,००० मायक्रॉन हे एकूण अवरक्त. आयरासच्या ६० आणि १०० मायक्रॉनच्या मापांवरून निघणारं दूर-अवरक्त ४२.५ ते १२२.५ मायक्रॉनचं. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या सूत्रात घालणारे लेख आजही परीक्षणाला येतात. त्यात ताऱ्यांच्या वस्तुमानांचं वाटप (किती वस्तुमानाचे तारे किती घडतात) साल्पीटर या खगोलशास्त्रज्ञाचं धरलं की क्रूपा या दुसऱ्याचं, हेही लिहिलेलं नसतं. एक लाख कोटी सूर्यतेजाला साल्पीटर वर्षाला १७० च्या आसपास सूर्य देतो, क्रूपा शंभरच्या आसपास.

जागा न जुळवता भागाकार करणे

आयरासला काही मिनिटं रुंदीचा डाग दिसायचा, तर चिलीतली अल्मा ही रेडिओ दुर्बीण सेकंदाहून बारीक बघते (ही मिनिटं-सेकंद कोनाची, वेळेची नव्हेत). आर्प २२० चे दोन गाभे जेमतेम एका सेकंदाच्या अंतरावर आहेत. एका गाभ्याचा वायू आणि अख्ख्या जोडीचं अवरक्त तेज घेऊन केलेल्या गुणोत्तराला काय अर्थ?

बाकीच्या चुका पटकन सांगते.

वेग मांडण्याची रेडिओ आणि प्रकाशीय पद्धत एकच समजू नका. ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाचं लालाकडे सरकणं) ०.०५ असली तरी दोन्हींत सेकंदाला सातशे किलोमीटरचा फरक पडतो, आणि रेषा पट्ट्याच्या कडेला जाऊन बसते.

मोनॉक्साइडची तिसरी रेषा मोजून ती पहिलीच आहे असं धरू नका.

इंटरफेरोमीटर, म्हणजे अनेक तबकड्या जोडून केलेली दुर्बीण, पसरलेला वायू गाळून टाकतो. एका मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीचं माप शेजारी ठेवा.

मोनॉक्साइड भरपूर म्हणजे तारेही भरपूर, असं नाही. तारे दाट वायूत घडतात, म्हणून दाट वायूत उजळणारी हायड्रोजन सायनाइडची ८८.६ गिगाहर्ट्झची रेषाही मोजा. गाओ आणि सॉलोमन यांनी २००४ मध्ये दाखवलं की तिचं तेज अवरक्त तेजाशी जवळपास सरळ प्रमाणात वाढतं.

आणि वायू संपण्याच्या काळाला दीर्घिकेचं उरलेलं आयुष्य म्हणू नका. त्या भागाकारात बाहेर फेकला जाणारा वायू धरलेलाच नसतो. मार्केरियन २३१ मध्ये मोनॉक्साइडच्या रेषेला सेकंदाला शेकडो किलोमीटर पसरलेले पंख, म्हणजे कडांचे फिकट भाग, आहेत. तो वायू ताऱ्यांच्या वाट्याला न येता दीर्घिकेच्या गाभ्यातून निघून चाललाय.