इम्प्लांटनंतर एक बाजू वर, एक खाली दिसते तेव्हा काय करायचं

स्तनांत इम्प्लांट बसवल्यावर पहिले तीन महिने दोन बाजू एकमेकींशी ताडून बघू नका. डावी गेल्या आठवड्यातल्या डावीशी ताडा, उजवी गेल्या आठवड्यातल्या उजवीशी. मी पुण्यात प्लास्टिक सर्जरी विभागात नर्स आहे. ड्रेसिंग बदलताना हे मी जवळजवळ प्रत्येकीला सांगते, कारण पट्टी निघाली की सगळ्यांची काळजी एकच असते: एक वर दिसतंय, एक खाली, एक टणक लागतंय, एक मऊ.

बहुतेक वेळा यात बिघडलेलं काही नसतं. इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवलं असेल, तर तो स्नायू सुरुवातीला आखडतो आणि इम्प्लांटला वर दाबून धरतो. पुढे तो सैलावतो, सूज उतरते, कातडी ताणते आणि इम्प्लांट खाली आपल्या जागी बसतं. साधारण तीन महिन्यांत बराचसा आकार येतो, सहा महिन्यांपर्यंत थोडं थोडं बदलत राहतं. फक्त दोन्ही बाजू एका वेगाने बसत नाहीत. ज्या हाताने तुम्ही जास्त काम करता, त्या बाजूचा स्नायू जोरकस असतो, म्हणून तिकडचं इम्प्लांट बऱ्याचदा उशिरा उतरतं. शिवाय निपलची उंची, बरगड्यांचा उठाव, खांद्यांची ठेवण कोणाचीच दोन्हीकडे अगदी सारखी नसते. आकार वाढला की तो जुना फरकही नजरेत भरतो. ऑपरेशनआधी काढलेले फोटो डॉक्टरांकडे असतात. ते दाखवायला सांगा; पुष्कळ जणींची निम्मी भीती तिथेच जाते.

घरी फोटो काढायचा तो आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी. जागा एकच ठेवा. मी बाथरूमच्या भिंतीसमोर उभं राहायला सांगते, कारण टाइल्सच्या जोडाची आडवी रेघ फोटोत येते आणि मोबाइल तिरका धरला होता की खरंच एक बाजू खाली आहे, ते लगेच कळतं. मोबाइल छातीच्या उंचीवर, हात सैल सोडलेले. एक फोटो समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. फोटो कुलूप लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तपासणीला जाताना मोबाइल सोबत न्या. टाके सुकल्यावर हवं तर शिंप्याच्या टेपने गळ्याच्या खोबणीपासून निपलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे महिन्यातून एकदा लिहून ठेवा. रोज आरशासमोर मोजत बसू नका. सूज सकाळी एक असते, संध्याकाळी वेगळी.

आता घरकाम, कारण खरी गडबड इथे होते. दोन आठवडे झाले, दुखणं थांबलं, की बाई ओट्यापाशी उभी राहतेच. साताऱ्याहून येणाऱ्या एका ताईंची उजवी बाजू एकाएकी जास्त सुजलेली दिसली. विचारलं तर घरात पाहुणे होते आणि सगळ्यांच्या पोळ्या त्यांनीच लाटल्या होत्या. लाटणं, कणीक तिंबणं, कपडे पिळणं, घट्ट बसलेलं झाकण उघडणं या प्रत्येक कामात छातीचा तोच स्नायू जोर लावतो. पाण्याने भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते. तिला आणि कडेवरच्या मुलाला डॉक्टर हो म्हणेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, हात लावायचा नाही. याचा अर्थ हात अंगाशी बांधून बसा असा नाही. शिकवलेले खांद्याचे हलके व्यायाम दोन्ही हातांनी सारखेच करा, नाहीतर खांदा धरतो. झोपताना पाठीवर, डोक्याखाली-पाठीखाली दोन उशा. एका कुशीवर झोपलं तर त्या बाजूवर दाब येतो आणि सूज उतरत नाही.

घरच्या मोठ्या बायका प्रेमाने शेक द्यायला धावतात. त्यांना नको म्हणा. ऑपरेशननंतर कातडी काही काळ बधिर असते. गरम पिशवीने भाजलं तरी कळत नाही, बर्फाचंही तेच. वर राहिलेली बाजू खाली आणायला ओढणी घट्ट बांधणंही चुकीचं आहे. वरून बांधायचा पट्टा असतो, पण तो कोणाला आणि किती दिवस, हे बाजू तपासून डॉक्टर ठरवतात. मालिशचंही तसंच: गोल, गुळगुळीत इम्प्लांट असेल तर काही डॉक्टर करायला सांगतात, थेंबाच्या आकाराचं असेल तर चोळल्याने ते आतल्या आत फिरू शकतं. मैत्रिणीने केलं म्हणून तुम्ही करू नका.

आणि मिश्री. सिगारेटबद्दल विचारलं की बायका मान हलवतात, मिश्री कोणी धरतच नाही. ती तंबाखूच आहे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. टाके भरेपर्यंत तरी डबी घराबाहेर ठेवा.

काही फरक मात्र थांबू देत नाहीत. पहिल्या काही दिवसांत एक बाजू तासा-तासाला फुगत चालली, दगडासारखी ताठ झाली, दुखणं गोळीने हटेना, निळसर डाग पसरत गेला किंवा ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत ताजं लाल रक्त भराभर जमू लागलं, तर आत रक्त साचत असू शकतं. त्याच वेळी फोन करा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. बोलणं होईपर्यंत खाऊ-पिऊ नका, पुन्हा भूल द्यावी लागू शकते. एकच बाजू लाल आणि गरम, सोबत 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यातून पू: त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर जवळचं हॉस्पिटल गाठा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एक बाजू हळूहळू कडक होऊन वर सरकू लागली, तर इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसत असू शकतं, तेही दाखवायचं.

कॅन्सरनंतर एकाच बाजूला इम्प्लांट बसवलं असेल, तर हिशोब वेगळा. नैसर्गिक स्तन वय आणि वजनाप्रमाणे बदलतो, इम्प्लांट तसा बदलत नाही. रेडिएशन झालेली बाजू आणखी आवळते. दुसऱ्या बाजूवर छोटं ऑपरेशन करून दोन्ही जुळवता येतात. ते मागायला संकोच करू नका. जीव वाचला ना, मग कशाला, असं म्हणणाऱ्यांना अंगावर ते रोज वागवायचं नसतं.

सहा महिन्यांनंतरही फरक कपड्यांतून दिसत असेल, तर दुरुस्तीची चर्चा करा. त्याआधी घाई केली तर न बसलेल्या जागेवर पुन्हा सुरी चालते. नवे ब्लाउज शिवायलाही तोवर टाकू नका. तारेची ब्रा डॉक्टरांना विचारूनच. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या: कंपनी, आकार, पृष्ठभाग आणि सीरियल नंबर त्यावर असतो. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, संबंध आढळला आणि 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपले तसले इम्प्लांट जगभरातून परत मागवले. तेव्हा आपलं कोणतं, हे कार्डावरूनच कळत होतं. म्हणूनच वर्षभरानंतर एक बाजू अचानक सुजली, तर सोनोग्राफीला जाताना हे कार्ड सोबत न्या.