युक्रेन-रशियाचा इतिहास वाचायचाय? आधी एक वही घ्या

परवा सात रस्त्याला चहावर परत तीच चर्चा, एक म्हणतोय ते तर एकच लोक, भाऊभाऊ, दुसरा म्हणतोय काय संबंधच नाही, आणि दोघांचं शिक्षण व्हॉट्सॲपवरच झालेलं. म्हणून मी कसं वाचतो ते सांगतो.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मॉस्कोचं म्हणणं, उजवीकडे कीवचं, वर फक्त साल. सुरुवात ९८८ पासून, कीवच्या राजानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा. रशियन त्याला व्लादिमीर म्हणतात, युक्रेनियन वोलोदिमिर, आणि आज भांडणारे दोन्ही अध्यक्ष, रशियाचे पुतिन आणि युक्रेनचे झेलेन्स्की, पण ह्याच नावाचे, घ्या! १२४० ला मंगोलांनी कीव लुटलं, पुढं ते लिथुआनिया-पोलंडकडं गेलं, हे दोन ओळीत उरका.

१६५४ ला मात्र अख्खं पान द्या. कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्या लोकांचा म्होरक्या बोहदान ख्मेलनित्स्की, पोलंडविरुद्ध मदत पाहिजे म्हणून पेरेयास्लावच्या चर्चमध्ये झारशी, म्हणजे रशियाच्या राजाशी, इमानाची शपथ घ्यायला आलेला. म्हणाला, झारच्या वतीनं तुम्ही पण शपथ घ्या. झारचा दूत बुतुर्लिन म्हणाला, झार प्रजेला शपथ देत नसतो. ख्मेलनित्स्की चर्चमधून उठून बाहेर गेला, आपल्या सरदारांशी बोलला, मग शपथ घेतली. डावीकडे लिहा 'एकत्र आले', उजवीकडे 'करार केला'. ह्याच घटनेच्या ३०० व्या वर्षी, १९५४ ला, सोव्हिएत सरकारनं क्रिमिया युक्रेनला जोडला.

मग १८७६, झारनं युक्रेनियनमधली पुस्तकं छापायला बंदी घातली. भाषा एकच होती तर बंदी कशाला, हा माझा प्रश्न. १९३२-३३ च्या पानावर नुसता 'दुष्काळ' लिहू नका, सोव्हिएत सरकारनं धान्य सक्तीनं उचललं आणि लाखो माणसं उपाशी मेली.

आता सगळ्यात मोठी चूक, भाषेवरून देश ठरवायची. आमच्या शेजारी घरात तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड, मग त्यांना कुठल्या राज्यात टाकता? झेलेन्स्की पण रशियन बोलतच मोठा झाला. म्हणून १ डिसेंबर १९९१ चं सार्वमत बघा. सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्याला देशभरात ९० टक्क्यांवर होकार, रशियन बोलणाऱ्या दोनेत्स्कमध्ये पण ८० च्या वर, क्रिमियात ५४. हे आकडे कुठल्याच बाजूला नको, रेघेवर लिहा. त्या ५४ कडं बोट दाखवून डावीकडचा म्हणतो बघा किती कमी, आणि उजवीकडचा म्हणतो बघा, तिथं पण निम्म्याच्या वर.