फुलीवर क्लिक झालं तरी पट्टी जाऊ नये: जावातले अ‍ॅडॅप्टर क्लास

सांगलीत विश्रामबागला मी जावा शिकवते. प्रोजेक्टला मुलं हमखास मार्केट यार्डातला विषय घेतात: अडतीवर आलेली हळदीची पोती, वजन, सौद्याचा भाव, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. फॉर्म छान होतो, पण विंडो बंद करायच्या फुलीवर क्लिक केलं की अर्धी भरलेली पट्टी न विचारता जाते. सौदे चालू असताना दिवाणजींनी ती पुन्हा का टाइप करायची?

यासाठी विंडोलिसनर हा इंटरफेस आहे, विंडोला काही झालं की त्यातली मेथड चालते. पण त्यात सात मेथड. आपल्याला लागते एकच, फुली दाबल्यावर चालणारी विंडोक्लोजिंग. तरी बाकीच्या सहा रिकाम्या का होईना, लिहिल्याशिवाय कंपायलर सोडत नाही. विंडोअ‍ॅडॅप्टर या क्लासमध्ये त्या सातही आधीच रिकाम्या लिहिलेल्या आहेत. हवी तेवढीच ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहा.

फॉर्म आधीच जेफ्रेमला, म्हणजे जावाच्या विंडोच्या क्लासला, एक्स्टेंड करतो आणि जावात दुसरा क्लास एक्स्टेंड करता येत नाही. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये अ‍ॅडविंडोलिसनरच्या कंसातच न्यू विंडोअ‍ॅडॅप्टर लिहून अ‍ॅनॉनिमस, म्हणजे बिननावाचा, क्लास उघडा. आत विंडोक्लोजिंग, आणि त्यात जेऑप्शनपेनने, म्हणजे प्रश्नाची छोटी खिडकी दाखवून, विचारा, ‘पट्टी सेव्ह करायची का?’ त्याआधी सेटडिफॉल्टक्लोजऑपरेशनला डू नथिंग ऑन क्लोज द्या. ते विसरलात तर दिवाणजींनी ‘कॅन्सल’ दाबलं तरी विंडो लपतेच, कारण जेफ्रेमची मूळ सवय तीच. ‘कॅन्सल’ सोडून दुसरं उत्तर मिळालं, तर विंडो बंद करणारं डिस्पोज आपण बोलवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेथडच्या डोक्यावर अ‍ॅट ओव्हरराइड लिहाच. क्लोजिंगचा सी कॅपिटल हवा. तो स्मॉल पडला तर कंपायलरला ती तुमची नवीच मेथड वाटते. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त प्रश्न विचारला जात नाही. थेट लिसनर इम्प्लिमेंट केला असता तर तिथेच अडलं असतं. अ‍ॅडॅप्टरमध्ये ही राखण आपणच करायची, आणि ती या एका ओळीत होते.

पट्टीवर राइट क्लिकचा मेनू हवा असेल तर माउसअ‍ॅडॅप्टर घ्या. जावा ६ पासून त्यात माउसमोशन आणि व्हीलच्या मेथडही आहेत. मेनूसाठी इझपॉपअपट्रिगर (हा क्लिक मेनू उघडायचा आहे का ते सांगणारी मेथड) हे माउसप्रेस्ड आणि माउसरिलीज्ड दोन्हींत तपासा: विंडोजवर ते बटण सोडताना खरं होतं, लिनक्सवर दाबताना.

‘सेव्ह’ बटणासाठी अ‍ॅडॅप्टर शोधू नका. अ‍ॅक्शनलिसनरमध्ये मेथडच एक. जावा ८ पासून तिथे लॅम्डा, म्हणजे क्लास न लिहिता थेट दिलेलं छोटं फंक्शन, पुरतो.