फोटो लपवला, तरी दिसतोच कसा? या चुका टाळा

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, पाहून मंडळी राजवाड्याकडून घरी परतली, की रंगलेले चेहरे बघण्यासाठी एकच मोबाईल बैठकीतल्या सगळ्यांच्या हातांतून फिरू लागतो, आणि ज्याचा तो मोबाईल असतो त्याचे अर्धे लक्ष कोणाचे बोट पडद्यावर किती मागे सरकते आहे याकडे असते. मागे सरकल्यावर दिसू नये असे प्रत्येकाच्या फोनमध्ये काही ना काही असतेच: आधार कार्डाचा किंवा बँकेच्या पासबुकाचा फोटो, आईच्या तपासणीचा अहवाल, मुलीच्या लग्नासाठी सराफ्यात पसंत केलेल्या पण व्याह्यांना इतक्यात दाखवायच्या नसलेल्या दागिन्यांचे फोटो. यात वावगे काही नाही. फोटो लपवण्याची सोय आता बहुतेक सर्व फोनमध्ये आहे, तरीही ‘लपवला होता, मग दिसला कसा?’ आणि ‘लपवला होता, मग गेला कुठे?’ अशा दोन परस्परविरुद्ध तक्रारी इंदूरच्या घराघरांतून ऐकू येतात. दोन्हींचे मूळ मात्र एकच आहे. एकाच फोटोच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी पडलेल्या असतात आणि कोणतेही ॲप फक्त आपल्या ताब्यातली प्रत लपवते. ती प्रत नेमकी कुठे जाते आणि बाकीच्या कुठे उरतात, हे न पाहता बटण दाबले की दोहोंपैकी एक तक्रार ठरलेली.

अर्काइव्हला कुलूप समजू नका

सर्वाधिक आढळणारी चूक ही. गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो अर्काइव्ह केला की तो मुख्य पानावरून नाहीसा होतो आणि वापरणाऱ्याला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात ही सोय पान नीटनेटके ठेवण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नव्हे. अर्काइव्ह केलेला फोटो पूर्वीपासून ज्या अल्बममध्ये असेल त्या अल्बममध्ये तसाच राहतो, फोनच्या मूळ फोल्डरमध्ये राहतो आणि शोधल्यावरही सापडतो. माळ्यावर टाकलेल्या सामानाइतकाच तो लपलेला असतो. शिडी लावणाऱ्याला सगळे दिसते. याची खातरजमा अर्ध्या मिनिटात करता येते. आधार कार्डाचा फोटो अर्काइव्ह करा आणि त्याच ॲपच्या शोधपट्टीत कार्डावर छापलेले आपले नाव टंकून पाहा. गूगल फोटोज चित्रातला मजकूर वाचते, त्यामुळे कार्डाचा फोटो बहुधा निकालांत हजर होतो.

घरच्या टीव्हीवर एखादा कौटुंबिक अल्बम फिरता ठेवण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दागिन्यांचा फोटो ‘लग्नाची तयारी’ या अल्बममध्ये असेल, तर तो आधी अल्बममधून काढावा लागतो. नुसता अर्काइव्ह केल्याने तो तेथून हलत नाही. अल्बम नातेवाइकांबरोबर शेअर केलेला असेल आणि एखाद्या काकांनी त्यातला फोटो आपल्याकडे जतन करून घेतला असेल, तर त्या प्रतीवर आपल्या फोनमधल्या कोणत्याही बटणाची सत्ता चालत नाही.

विजेची बिले, पार्सलच्या पावत्या आणि रोज सकाळी येणारी सुप्रभातची फुले यांच्यासाठी अर्काइव्ह उत्तम आहे, एवढेच त्याचे काम समजावे. सॅमसंगच्या गॅलरीत अल्बम लपवण्याची जी सोय आहे तिचीही गत तीच: अल्बम त्या गॅलरीच्या यादीतून जातो, पण फोनमधली इतर ॲप त्यातले फोटो दाखवू शकतात.

लॉक्ड फोल्डर: खरी सुरक्षितता आणि खरा धोका

गूगल फोटोजमधील लॉक्ड फोल्डर ही त्या मानाने पक्की सोय आहे. गूगलने ती 2021 मध्ये जाहीर केली. प्रथम ती पिक्सेल फोनवर आली, मग इतर अँड्रॉइड फोनवर आणि पुढे आयफोनवरही. त्यात टाकलेला फोटो मुख्य पानावर, शोधात, अल्बममध्ये किंवा जुन्या आठवणींच्या फितीत येत नाही आणि फोनमधल्या इतर ॲपना तो दिसत नाही. फोल्डर उघडायला फोनचे कुलूप, म्हणजे पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा लागतो. ज्या फोनला पडद्याचे कुलूपच लावलेले नाही त्यावर हे फोल्डर सुरू होत नाही, आणि ‘माझ्याकडे हा पर्यायच काम करत नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच साधे असते. कुलूप लावावे, ॲप अद्ययावत करावे आणि मग कलेक्शन्स या पानावर लॉक्ड हा विभाग शोधावा. जुन्या आवृत्तीत हेच पान लायब्ररी या नावाने आढळेल.

ज्यांना दोष समजले जाते अशा काही गोष्टी येथे मुद्दाम तशा ठेवलेल्या आहेत. अँड्रॉइडवर या फोल्डरमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेता येत नाही आणि तो थेट कोणाला पाठवताही येत नाही. व्हॉट्सॲपमधून फोटो निवडायला गेल्यास लॉक्ड फोल्डरमधले फोटो यादीत येतच नाहीत. आईचा अहवाल डॉक्टरांना पाठवायचा असेल, तर तो आधी फोल्डरबाहेर काढावा लागतो, आणि पाठवून झाल्यावर पुन्हा आत ठेवायला बहुतेक जण विसरतात. मधल्या काळात तो मुख्य पानावर दिसू लागतो आणि सर्वसाधारण बॅकअप चालू असेल तर ढगावर, म्हणजे क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) चढतो. अहवाल वारंवार पाठवावा लागत असेल, तर तो या फोल्डरमध्ये ठेवणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आता धोक्याकडे येऊ, कारण येथे झालेली चूक सहसा भरून निघत नाही. लॉक्ड फोल्डरचा बॅकअप हा सर्वसाधारण बॅकअपपासून वेगळा आहे. सुरुवातीला तर या फोल्डरसाठी बॅकअपची सोयच नव्हती. ती 2023 मध्ये आली आणि आजही ती स्वतंत्रपणे चालू करावी लागते. ती बंद असताना फोटो आत हलवला, की क्लाउडवर आधीपासून असलेली त्याची प्रत काढली जाते आणि जगात त्या फोटोची एकच प्रत उरते, ती म्हणजे त्या फोनमधल्या त्या ॲपच्या पोटातली. अशा स्थितीत गूगल फोटोज ॲप काढून टाकले, त्याचा डेटा पुसला किंवा फोन मूळ स्थितीत आणला, तर ते फोटो कायमचे जातात. फोन मंद चालतो म्हणून भाच्याने सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डेटा साफ करा’ दाबले आणि बाळंतपणाचे सगळे फोटो गेले, असे घडायला दोन मिनिटे पुरतात. नवा फोन घेतल्यावर जुन्यातून सगळे उतरवून घेतले तरी बॅकअप नसलेले लॉक्ड फोल्डर सोबत येत नाही, हेही पुष्कळांना जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकल्यावर कळते.

म्हणून क्रम असा ठेवावा. फोन बदलण्याआधी किंवा ॲपला हात लावण्याआधी लॉक्ड फोल्डर उघडावे, त्याचा बॅकअप चालू आहे का ते त्याच्याच सेटिंग्जमध्ये पाहावे, नसल्यास चालू करावा आणि तो पूर्ण होईपर्यंत वाय-फाय सोडू नये. क्लाउडवर ठेवायचेच नसेल, तर फोटो तात्पुरते बाहेर काढून घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवावेत; मात्र बाहेर काढण्याआधी सर्वसाधारण बॅकअप बंद करावा, नाहीतर ते आपोआप वर चढतील. बॅकअप चालू केल्यास ते फोटो खात्याच्या मोफत 15 जीबी जागेत मोजले जातात आणि ती जागा भरलेली असेल तर बॅकअप पुढे सरकत नाही, हेही तपासून घ्यावे.

लपवलेल्या फोटोची दुसरी प्रत

फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये आहे, बॅकअपही नीट आहे, आणि तरी तो गॅलरीत दिसतो, असे झाले तर बहुधा आपण पाहत आहोत ती वेगळी फाइल असते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये असतो. तो संपादित करून जतन केला की दुसरी फाइल तयार होते. कोणाला दाखवण्यासाठी स्क्रीनशॉट काढला असेल तर ती तिसरी. यांपैकी एक लपवली तर उरलेल्या दोन जागच्या जागी राहतात. गॅलरीत दिसणाऱ्या फोटोचे तपशील उघडून तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते वाचावे, म्हणजे शंका फिटते.

व्हॉट्सॲपवर येणारे फोटो गॅलरीत मुळातच दिसू नयेत, यासाठी अँड्रॉइडवर त्याच्या सेटिंग्जमध्ये, चॅट्स या भागात, मीडिया दिसण्याचा पर्याय बंद करता येतो. तो फक्त पुढे येणाऱ्या फोटोंना लागू होतो, आधी आलेल्यांना नाही. ‘बंद केले तरी जुने दिसतातच’ या तक्रारीचे उत्तर एवढेच आहे.

कचरापेटीही पाहावी. फोटो लपवण्यासाठीच्या एखाद्या तिजोरी-ॲपमध्ये फोटो ठेवून मूळ फोटो काढून टाकला, तरी तो गूगल फोटोजच्या कचरापेटीत राहतो: बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस. आयफोनवर अलीकडे काढलेल्या फोटोंचा अल्बम 30 दिवस त्याला सांभाळतो.

आणि हो, कॅल्क्युलेटरच्या रूपातली ती तिजोरी-ॲप. कौतुक करण्यासारखे त्यांत फार नाही. यांतली कित्येक ॲप फोटो स्वतःच्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवतात, आणि अँड्रॉइडवर ॲप काढले की त्याचे असे फोल्डरही त्याच्याबरोबर पुसले जाते. कोणी अनोळखी कॅल्क्युलेटर म्हणून ते काढून टाकले, तर आतले फोटोही गेले. गूगलच्या फाइल्स ॲपमध्येही सेफ फोल्डर आहे. त्याला वेगळा पिन किंवा पॅटर्न लागतो, आणि तो विसरल्यास गूगलसुद्धा तो परत मिळवून देत नाही.

सगळेच फोटो अचानक नाहीसे झाले तर

अँड्रॉइडवर एक जुनी युक्ती आहे: ज्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ नावाची रिकामी फाइल असते, त्यातली चित्रे गॅलरीच्या सूचीत घेतली जात नाहीत. फाइलचे नाव रोमन लिपीत, सुरुवातीला टिंब देऊन लिहावे लागते. युक्ती चालते, पण जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांवर ती फाइल चुकून कॅमेऱ्याच्या मुख्य फोल्डरमध्ये पडली, तर गॅलरी एका रात्रीत रिकामी होते आणि घरात रडारड सुरू होते. घाबरून काहीही पुसू नये. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा, ती एक फाइल काढावी आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. थोड्या वेळाने फोटो परत दिसू लागतात. यावरून हेही कळते की फाइल मॅनेजर उघडता येणाऱ्या कोणालाही असे ‘लपवलेले’ फोटो पाहता येतात.

सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरबाबत, म्हणजे फोनमधल्या वेगळ्या कुलूपबंद कप्प्याबाबत, उलट प्रकार घडतो. त्याचे चिन्ह ॲपच्या यादीतून लपवता येते, आणि ते आपणच लपवल्याचे विसरून लोक फोल्डर गेले असे समजतात. सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि गोपनीयता या भागात सिक्युअर फोल्डर उघडून चिन्ह पुन्हा दाखवता येते.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी

येथे गोंधळ कमी आहे. 2022 मध्ये आलेल्या आयओएस 16 पासून लपवलेल्या फोटोंचा हिडन अल्बम आणि अलीकडे काढलेल्यांचा अल्बम, दोन्ही चेहऱ्याच्या किंवा बोटाच्या ओळखीने किंवा पासकोडनेच उघडतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते उघडेच असत. अल्बम मुळीच सापडत नसेल, तर सेटिंग्जमध्ये फोटोज या भागात हिडन अल्बम दाखवण्याचा पर्याय बंद असण्याची शक्यता असते; आयओएस 18 मध्ये हा भाग ‘ॲप्स’च्या आत गेला आहे. आयक्लाउड फोटोज चालू असल्यास फोनवर लपवलेला फोटो आयपॅडवर आणि मॅकवरही लपतो. मात्र ती सगळी उपकरणे अद्ययावत असावीत, कारण घरातल्या जुन्या आयपॅडवर तो अल्बम बिनकुलपाचा असू शकतो.

पिन सगळ्यांनाच माहीत असेल तर

गूगल फोटोजचे लॉक्ड फोल्डर फोनच्याच पिनने उघडते, आणि आयफोनचा हिडन अल्बमही चेहरा ओळखला गेला नाही तर पासकोड मागून उघडतो. ज्या घरात मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना एकच पिन पाठ आहे, तेथे या सोयींचा उपयोग पाहुण्यांपुरताच. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरला फोनपेक्षा निराळे कुलूप लावता येते, आणि अँड्रॉइड 15 पासून आलेल्या प्रायव्हेट स्पेस या तशाच वेगळ्या कप्प्यालाही. घरच्यांपासूनच काही दूर ठेवायचे असेल तर हे मार्ग योग्य आहेत. मात्र प्रायव्हेट स्पेस काढून टाकली की तिच्यातले सारे जाते.

हाच पिन आपण जेल रोडवर स्क्रीन बदलून घेताना दुकानदाराने मागताक्षणी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी फोन दिवसभर अनेकांच्या हातांखालून जातो, आणि टचस्क्रीन नीट चालते का हे पाहण्यासाठी आपल्या फोटोंपर्यंत जाण्याची काहीच गरज नसते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डिव्हाइस केअरमध्ये मेंटेनन्स मोड आहे. तो चालू करून दिला की फोटो, संदेश आणि खाती दिसत नाहीत, पण फोन तपासता येतो. पिक्सेलमध्ये याच कामासाठी रिपेअर मोड आहे. ज्या फोनमध्ये अशी सोय नाही, त्याच्या मालकाने स्क्रीन बदलेपर्यंत काउंटरपाशीच थांबावे आणि पिन लिहून देण्याऐवजी लागेल तेव्हा स्वतःच्या हाताने टाकावा. पडदा अगदीच काळा झालेला असेल आणि फोन ठेवून जाणे भाग असेल, तर परत मिळाल्यावर पहिले काम पिन बदलण्याचे.