पेचोरीचा नकाशा बटर पेपरवर असा काढा

नातवाला सीमेवरच्या एखाद्या तालुक्याचा नकाशा काढायचा होता. मी रशियातलं पेचोरी सुचवलं, एस्टोनियाला खेटून असलेलं. आयुष्यभर भूगोल शिकवला, तरी पहिला नकाशा मीच बिघडवला: सगळ्या काळच्या सीमा एकाच कागदावर! तेव्हा बडोद्याच्या रावपुऱ्यातून बटर पेपरचे तीन ताव आधी आणा.

खालच्या जाड कागदावर फक्त प्स्कोव्हचं सरोवर, त्याला मिळणारी नदी आणि पेचोरी गाव. नावं दोन्ही भाषांतली लिहा. एस्टोनियन लोक गावाला पेत्सेरी म्हणतात. नदी त्यांची पिउसा, रशियनांची पिमझा. एकाच नावाने शोधलंत तर अर्धी माहिती हुकते. 1473 पासूनचा मठही दाखवा.

पहिला ताव 1920 चा. एस्टोनिया आणि सोव्हिएत रशिया यांच्यातल्या तार्तूच्या तहाने पेचोरी एस्टोनियात गेलं, म्हणून रेघ गावाच्या पूर्वेला. मठ सोव्हिएत काळात बंद पडला नाही, त्याचं एक कारण ही रेघ: रशियात मठांना कुलपं लागत होती तेव्हा हा पलीकडे होता.

दुसरा ताव 1944 चा. प्स्कोव्ह प्रांत केला तेव्हा पेचोरी त्यात घातलं. रेघ पश्चिमेला सरकली. तेव्हा दोन्हीकडे सोव्हिएतच, त्यामुळे तुटक रेघ पुरे. 1991 मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाल्यानंतर तीच ठळक करायची, आणि सेतो लोकांची (सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणारा, एस्टोनियनांच्या नात्यातला समाज) घरं एका बाजूला, पूर्वजांची थडगी दुसऱ्या बाजूला. सीमेचा करार 2005 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये सह्यांपर्यंत आला, मंजुरी मात्र राहिलीच.

बडोद्याच्या माणसाला असल्या तुकड्यांचं नवल नाही. सासऱ्यांच्या ट्रंकेतल्या गायकवाडी नकाशात नवसारी एकीकडे, अमरेली दुसरीकडे, ओखामंडळ थेट द्वारकेला.

तिसरा ताव मात्र मोठ्या प्रमाणाचा घ्या, 1 सेंमीला 100 मीटर. त्यावर फक्त ‘सात्सेचा बूट’: एस्टोनियात घुसलेला, बुटाच्या आकाराचा सुमारे 115 हेक्टरांचा रशियन तुकडा. एस्टोनियातला एक रस्ता त्यातून जेमतेम एक किलोमीटर जायचा. गाडी न थांबवता जायचं, पायी चालायला मनाई. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे सशस्त्र रशियन सैनिक दिसल्यावर एस्टोनियाने तो बंद केला.

नातवाने त्या दहा सेंटिमीटरवर खेळण्यातली गाडी फिरवली. मी त्याच्या हातात लाल पेन्सिल दिली: दोन्ही टोकांना आडव्या रेघा मार.